सतरा किलोवर

मोहाडीच्या पुढे, कादवा नदीच्या अलीकडे,
शीतगृहाच्या कॉम्प्रेसर रूममध्ये
मला एक पिवळी वायर सापडली.
दोन इंच. दोन्ही टोकं सोललेली.
प्रेशर स्विचच्या या टर्मिनलवरून त्या टर्मिनलवर
सहज टाकलेली,
चिखलावर फळी टाकावी तशी.

कुणाची ते मी विचारलं नाही.
तारेची टोकं उजवीकडे पिळायची सवय
मला ज्यांनी लावली ते खैरनार नाना
दारात उभे होते,
तंबाखूची डबी उघडत, मिटत.

"रात्रीत तीनदा ट्रिप झाला," म्हणाले.
"पाच कंटेनर द्राक्षं आत. मालक फोनवर.
तू काय केलं असतंस, हेमलता?"

मी झाकण उघडलं.
आत पितळ, निळं पडलेलं.
अमोनिया पितळ खातो,
वाळवीसारखा, आवाज न करता.
आणि स्विच थेट कॉम्प्रेसरच्या अंगावर:
पिस्टनचा प्रत्येक ठोका त्याच्या पोटात,
दिवसाला तेरा-चौदा लाख.
चौदा किलो प्रेशर त्याला सतरा वाटायचं.
एवढ्या थरथरीत कोण खरं सांगेल.

सातपूरला चोरडियांनी काउंटरवर चार डबे मांडले.
सगळ्यात स्वस्त, तो पितळेचा. परत.
एकाची पट्टी शून्य ते शंभर,
त्यात माझे सतरा
नकाशातल्या वस्तीसारखे, बोटाखाली झाकले जाणारे. परत.
तिसरा चांगला होता,
पण प्रेशर उतरलं की मुकाट्याने पुन्हा सुरू होणारा.
मला मुकाट्याने सुरू होणारं काही नको होतं.
चौथा: स्टीलचं बेलोज, आठ ते बत्तीस,
आणि पुढे एक लाल बटण.
माणसाने येऊन दाबल्याशिवाय काही होत नाही,
आणि तेराच्या खाली उतरल्याशिवाय
दाबूनही काही होत नाही.
"हा महाग पडेल," चोरडिया म्हणाले.
"हो," मी म्हणाले.

मंगळवारी बसवला, शेजारच्या खांबावर.
पाव इंची स्टीलची नळी, दोन वेढे दिलेली,
पाइपाच्या डोक्यावरून काढली, तेल बुडाशीच राहावं म्हणून.
तोंडाशी स्नबर,
त्याच्या सुईएवढ्या भोकापाशी
ठोके रांगेत उभे राहतात.
केबल खालून आत घेतली,
ग्लँडच्या आधी झोळ सोडून,
पाणी ओघळलंच तर तिथूनच गळून जावं.
नाना म्हणाले, नळीवर एक व्हॉल्व्ह ठेव, पुढे सोपं जातं.
मी म्हणाले, जे बंद करता येतं
ते कुणीतरी बंद करतं.
ते हसले नाहीत.

नायट्रोजनची बाटली. टेस्ट गेज.
पंधरा. सोळा. सोळा पूर्णांक सहा.
सोळा पूर्णांक नऊ.
टक्.
बोटं मोडावीत एवढाच आवाज.
नानांनी तो मान खाली घालून ऐकला.

गुरुवारी पहाटे चारला स्विच पडला.
खराच पडला.
मला कुणी फोन केला नाही.
सकाळी लॉगबुकात त्यांचं अक्षर,
एकेक वेलांटी जागच्या जागी:
४.१० ट्रिप. बटण दाबले, घेत नाही.
वर जाऊन पाहिले. कंडेन्सरचे नोझल क्षाराने बंद.
अकरा साफ केले, एक तुटला.
५.०५ रिसेट. चेंबर ठीक. द्राक्षं ठीक.
त्याखाली अर्धी ओळ लिहून खोडलेली,
खोडताना कागद फाटलेला.

फेब्रुवारीची थंडी, गच्चीवरची लोखंडी शिडी,
साठी गाठलेला माणूस, तोंडात टॉर्च.
मी ते पान उलटलं आणि तारीख घातली.

पिवळी वायर अजून माझ्या टूलबॅगेत आहे.
फेकून द्यायला काढते
आणि टोकं बघत बसते:
उजवीकडे पिळलेली, घट्ट,
एकही तंतू बाहेर नाही.
काम सुबक होतं.